बोरखडीतला इल्युसिडेट

नगराळे सरांना विहारासमोरच्या फळ्यावर फक्त एक इंग्रजी शब्द लिहायचा होता. पुढे जे घडलं, म्हणजे पंचनामा झाला, सरपंचपदाची निवडणूक त्यात ओढली गेली आणि सरांच्या घरी वरणात मीठ पडेनासं झालं, त्यातलं काहीही त्यांच्या मनात नव्हतं. अशी कामं मनात ठेवून होत नसतात. ती भल्या माणसाच्या हातून आपोआप होतात.

शब्द होता 'इल्युसिडेट'. एखाद्या गोष्टीवर प्रकाश टाकणे, ती उलगडून सांगणे. संघदीप नगराळे सरांनी झरी जामणीकडच्या शाळांमध्ये उभी हयात इंग्रजी शिकवली, पण हा शब्द वापरायची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. पोरांसमोर 'एक्स्प्लेन' म्हणायचं आणि साहेबांसमोर 'हो साहेब' म्हणायचं, एवढ्यात नोकरी आटोपली. इल्युसिडेट मात्र तसाच कोरा करकरीत राहून गेला. निवृत्त होऊन सर बोरखडीला स्वतःच्या घरी राहायला आले तेव्हा लोकांनी त्यांना विचारलं, आता काय करणार? कोणी शेळ्या पाळा म्हणालं, कोणी एलआयसीची एजन्सी घ्या म्हणालं. सरांची इच्छा त्याहून फार लहान होती, म्हणूनच ती कोणाला सांगता येत नव्हती. बोरखडीतल्या एका तरी माणसाच्या तोंडून, योग्य जागी, आपण न विचारता, इल्युसिडेट हा शब्द ऐकायला मिळावा. बस.

विहारासमोर एक फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहितात. बरेच सुविचार इतक्या वेळा लिहून झालेत की लोक ते न वाचताच माना डोलावतात. सरांनी समितीला विचारलं, आठवडाभर फळा मला द्या. समितीने आनंदाने दिला, कारण सुविचार लिहिणाऱ्याचा खांदा दुखत होता.

आता शब्द लिहिला, अर्थ लिहिला, म्हणजे झालं असं तुम्हाआम्हाला वाटेल. सरांना तसं वाटत नव्हतं. शब्दाला वाक्य पाहिजे, आणि वाक्यात ओळखीचं माणूस पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत होता. पाठ्यपुस्तकातल्या मिस्टर ब्राउनने बागेत काय केलं हे बोरखडीने का लक्षात ठेवावं? म्हणून सरांनी खाली सुबक अक्षरात वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा होता: मोटार वारंवार का जळते हे रहमतभाईंनी इल्युसिडेट केलं.

रहमतभाईंचं रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. कोणीतरी धावत जाऊन त्यांना सांगितलं की फळ्यावर तुमचं नाव लागलं. विहारासमोरच्या फळ्यावर आपलं नाव म्हणजे कोणी आपल्याला श्रद्धांजली वाहिली की काय, या धसक्याने रहमतभाई हातातली तांब्याची तार तशीच घेऊन आले. सरांनी वाक्य वाचून दाखवलं, शब्दाचा अर्थ सांगितला, पुन्हा सांगितला. रहमतभाईंचा चेहरा फुलला.

"कसम से सरजी, लोकायच्या मोटारी भरू भरू बोटं झिजली मायी, पन आजवर कोनं एक चांगला शब्द नाई देल्ला. तुमी तं सिद्धा इंग्रजीतला देल्ला!"

दुपारपर्यंत त्यांच्या मोबाईलच्या स्टेटसवर फळा होता. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पाटीवर प्रोप्रायटरच्या नावाखाली ऑइलपेंटने 'इल्युसिडेटेड' असं लिहून आलं होतं. सरांनी पाटी पाहिली आणि त्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

सकाळी दारात डोमाजी उभे होते. डोमाजींची पिठाची चक्की आहे आणि अर्धं गाव त्यांच्या चक्कीवर उभं राहून बोलतं, त्यामुळे गावात कोणाचं काय झालं हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. या वेळी मात्र त्यांना दुसऱ्याकडून कळलं होतं, हे पहिलं दुःख.

"सर, रहमतचं नाव लावलं, चांगलं झालं. पन आमी का गावात नवे आलो काय जी?"

सरांना वाईट वाटलं. पण तोच शब्द पुन्हा वापरणं त्यांच्यातल्या शिक्षकाला पटेना. तेव्हा त्यांनी समानार्थी शब्दांचा घाट घातला. इल्युसिडेटच्या खाली 'एक्स्प्लेन' लिहिला आणि वाक्य केलं: ज्वारी ओली असली तर पीठ चिकट का येतं, हे डोमाजींनी एक्स्प्लेन केलं. एका आठवड्याच्या कामात एका शब्दाची भर पडली, यात काय वाईट झालं? सर मनातून खूशच होते.

डोमाजींनी फळ्यासमोर उभं राहून दोन्ही वाक्यं नीट न्याहाळली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण वजन-माप कळतं.

"ह्यो शब्द बारीक हाय," ते म्हणाले.

"अर्थ तोच आहे, डोमाजी. समानार्थी आहेत दोन्ही."

"मंग त्याचा मले द्या, आन् मायावाला त्याले द्या."

यावर सरांनी समानार्थी शब्दांमध्ये लहानमोठं कसं नसतं याचं सविस्तर विवेचन केलं. ते चालू असताना चक्कीवरचं गिऱ्हाईक असलेल्या एका बाईने सांगितलं की एक्स्प्लेन तर तिच्या कॉन्व्हेंटातल्या नातवालासुद्धा येतो. झालं. डोमाजींनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघून गेले. त्या दिवसापासून सरांच्या घरचं दळण जाडं येऊ लागलं. पोळ्यांना काठावर चिरा पडू लागल्या.

त्यानंतर बचत गटाच्या अध्यक्ष बसंतीबाई आल्या. त्या एकट्या येत नाहीत, गट घेऊनच येतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. कर्जाचा हप्ता कोणाचा आणि कधीचा यावरून गटात दर महिन्याला जो गोंधळ माजतो, तो त्या एकट्या निस्तरतात. त्याला इंग्रजीत काही आहे की नाही?

"आहे," सर म्हणाले, आणि असं म्हणायला मिळाल्याचा त्यांना भारी आनंद झाला. "क्लॅरिफाय. लोकांचा झालेला गैरसमज दूर करून सांगणं."

"मंग लिवा. पन रहमतभाईच्या बरोबरीनं दिसला पायजे. खाली नको."

खाली नको म्हटल्यावर बाजूला लिहिणं आलं. फळ्याचा नकाशा बिघडू लागला. सरांनी रंगीत खडू आणले, चौकटी आखल्या. पिवळ्या चौकटीपेक्षा गुलाबी चौकट मानाची की काय, अशी नवी शंका त्यातून निघाली. माजी सरपंच उकंडाजी काठी टेकत येऊन फळा वाचून गेले आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "विहारासमोर उभं राहून मानसा-मानसात भेद! समतेचा उपदेश गेला कुठी?" सरांच्या काळजाला ते वाक्य लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर कोणत्याही पोराला मागच्या बाकावर बसवलं नाही, त्याला हे ऐकावं लागलं.

घरी यावं तर वरणात मीठ नव्हतं.

"विसरलीस का?" सरांनी विचारलं.

"नाई," नंदाबाई म्हणाल्या. त्यांनी अंगणवाडीत नोकरी केलेली, वाचता सगळं येतं. "गावातल्या समद्याइचं नाव फयावर लागलं, पायलचे पप्पा. मोटारी भरनाऱ्याचं लागलं, पीठ दयनाऱ्याचं लागलं. तुमाले इतके वर्सं रांधून घालनारी कोन हाय, थे काई आठोलं नाई तुमाले."

स्वतःच्या बायकोचं नाव सार्वजनिक फळ्यावर लिहिणं शिक्षकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं सर म्हणणार होते. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि ते म्हटलं नाही. सकाळी फळ्यावर 'स्पेल आउट' अवतरला. सिलेंडर वेळेवर आणला नाही तर काय होईल हे नंदाबाईंनी स्पेल आउट केलं. काही आडपडदा न ठेवता, एकेक मुद्दा सुटा करून सांगणे, असा अर्थ पुढे लिहिला. गावातल्या विवाहित पुरुषांना तो अर्थ फार पटकन समजला.

इथे थांबता आलं असतं. पण शंकरसिंग आले. शंकरसिंग सरपंचपदाला उभे राहणार होते, हे त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवरून सगळ्यांना माहीत होतं.

"सर, मले लहान-मोठं काई समजत नाई. जेवढा सगळ्यात लंबा असन तेवढा मले द्या."

सरांनी खूप टाळलं. ते म्हणाले, शब्द संपले. शंकरसिंग म्हणाले, इंग्रजांचे शब्द इतक्या लवकर कसे संपतील? तेही खरं होतं. शेवटी सरांनी 'शेड लाइट ऑन' दिला. एकात तीन शब्द. नाल्यावरच्या पुलाच्या प्रश्नावर शंकरसिंग यांनी शेड लाइट ऑन केलं. शंकरसिंगांनी फळ्यासोबत, सरांसोबत आणि एकट्याने असे फोटो काढले.

दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली.

सकाळी सर फळ्याजवळ पोचले तेव्हा भरारी पथकाची जीप उभी होती. एक जण व्हिडिओ काढत होता, एक जण टेप धरून फळा मोजत होता आणि तिसरा पंचनामा लिहीत होता. 'सदर काळ्या रंगाच्या फळ्यावर परकीय भाषेत संशयास्पद मजकूर आढळून आला, त्यात इच्छुक उमेदवाराचे नाव असून सोबत इतर इसमांची नावे आहेत.' इल्युसिडेट हा शब्द संशयास्पद! सरांचा आवाज चढला आणि चढला की त्यांची शुद्ध मराठी सुटते.

"अहो, मजकूर कायले म्हनता? शब्दार्थ हाय तो! शब्दार्थ, वाक्यात उपयोग!"

"उपयोग कोणाचा, तेच तपासायचं आहे," पंचनामेवाला म्हणाला आणि त्याने फळ्यावर जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. त्या वर्तमानपत्रावर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला पानभर फोटो निघाला. मग तो फोटो झाकायला दुसरं पान लावावं लागलं. त्यावर त्याच पुढाऱ्याचा वाढदिवस होता. शेवटी नंदाबाईंनी घरून जुनी चादर आणून दिली, तेव्हा कुठे आचारसंहितेचं समाधान झालं. पण आपला शब्द चादरीखाली निजलेला पाहून सरांना भरून आलं. पोलिसाने हटकावं अशी एकही गोष्ट या माणसाने आजवर केली नव्हती.

तक्रार उकंडाजींनी केली होती. ते विरुद्ध पॅनलचे प्रमुख, त्यांचा तो हक्कच होता.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. निवडणूक अधिकारी म्हणून आलेले साहेब मूळचे शेतकी खात्यातले. बोंडअळीवर त्यांना कितीही वेळ बोलता आलं असतं. इंग्रजी समानार्थी शब्दांवर निकाल द्यायची त्यांची ही पहिली वेळ होती. खोली भरली होती. ज्यांची नावं फळ्यावर होती ते सगळे आले होते, कारण नाव पुसलं जाणार अशी आवई उठली होती.

"सर, मुद्दा एवढाच आहे," साहेब म्हणाले. "या शब्दांत कोणाची स्तुती होते का? स्तुती असेल तर प्रचार. नसेल तर नाही. काय अर्थ आहे, ते सांगा."

ज्या क्षणाची सरांनी हयातभर वाट पाहिली तो क्षण असा खुर्ची ओढून समोर बसला. सर उभे राहिले. कोट नीट केला. त्यांनी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये कसं आहे तिथून सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने ते इंग्लंडात पोचले. साहेबांनी पाणी मागवलं. सरांना दिसत होतं की समोरच्याच्या डोळ्यांत काही उतरत नाही. हेच डोळे त्यांनी वर्गावर्गात पाहिले होते. उलगडून सांगणे या शब्दाचा अर्थच उलगडून सांगता येत नव्हता. त्यांचा आवाज बारीक झाला.

"थोडक्यात, सगळ्यांचा अर्थ एकच," सर म्हणाले आणि खाली बसले.

"एकच अर्थ आहे तर इतके शब्द कशाला? पुसून टाकू सगळे," साहेब म्हणाले.

"एक कसा, साहेब?" रहमतभाई मागून उठले. "माफ करा सरजी, तुमीच सांगतलं होतं. मोटार जयाली, हे कोनीबी सांगते. पन काहून जयाली थे अंधारात रायते, दिसत नाई. थे खोलून, वायडिंग दाखवून, उजेडात आनून सांगनं म्हंजे इल्युसिडेट. काल एका गिऱ्हाइकाले म्यां तेच म्हनलो, थांब बावा, घाई नोको करू, इल्युसिडेट करून राह्यलो."

सरांनी मान वर केली. त्यांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"आन् मायावाला येगळा," बसंतीबाई म्हणाल्या. "लोकायनं आधीच उलटं समजून घेतलं असन, थे धुऊन काढनं म्हंजे क्लॅरिफाय. आमच्या गटात आता बाया भांडाले लागल्या का म्हनतेत, याडी, माय मायी, क्लॅरिफाय कर पयले."

नंदाबाई काही उठल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "आडून-पाडून बोलनं नाई. एक, दोन, तीन असं सुटं-सुटं सांगनं. स्पेल आउट." खोलीतले सगळे पुरुष गंभीर झाले.

मग डोमाजी. ते कोपऱ्यात रुसून उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"आमाले बारीक शब्द भेटला, साहेब. आठ दिवस म्यां सरशी बोल्लो नाई. पन चक्कीवर बसून इचार केला. सरनं रहमतले त्याचा शब्द कायनं समजावला? बसंतीबाईले कायनं समजावला? एक्स्प्लेन करून! मायावाला नसता तं बाकीचे समदे शब्द आडले असते. म्हून मनतो, बारीक हाय, पन मायाबिगर कोनाचंच दयन निंगत नाई."

खोलीत हशा पिकला आणि डोमाजींची मान ताठ झाली. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसूनही तो स्वच्छ होईना.

"शंकरसिंगजी, तुमचा?" साहेबांनी विचारलं.

शंकरसिंग उठले, इकडेतिकडे पाहिलं. "मायावाला सगळ्यात लंबा हाय," ते म्हणाले आणि बसले.

"म्हंजे यायची स्तुती झाली नाई, साहेब," उकंडाजी काठी आपटून म्हणाले. "यायले तं शब्दच नाई समजला. शेड लाइट ऑन म्हंजे माहीत नसलेली नवी गोष्ट पुढं आनून प्रश्न समजाले मदत करनं. नाल्यावर पूल नाई हे तं बैलालेबी माहीत हाय! त्यात नवं काय सांगतलं यायनं?"

सगळे उकंडाजींकडे पाहत राहिले. तक्रारीत लिहायला म्हणून त्यांनी अख्खा फळा उतरवून घेतला होता, आणि उतरवता उतरवता तो त्यांना पाठ झाला होता.

"मग उकंडाजी, तक्रार का केली?" साहेबांनी मऊपणे विचारलं.

उकंडाजींनी काठीच्या मुठीकडे पाहिलं. "डिक्शनरीत पायलं म्यां, इल्युमिनेटबी हाय, उजेड पाडनं. थो अजून कोनाले देल्ला नोयता," ते म्हणाले. "मले वाटे, तो मायासाठी ठेवला असन सरनं. वाट पायली. आन् मंग शंकरसिंगचं नाव लागलं."

 इल्युमिनेट सरांच्या डोक्यातच आला नव्हता.

साहेबांनी निकाल दिला. शब्दांना हरकत नाही, अर्थाला हरकत नाही, वाक्यालाही नाही. फक्त मतमोजणी होईपर्यंत कोणत्याही व्यक्तीचं नाव फळ्यावर दिसता कामा नये. लोक हिरमुसले. गावात पहिल्यांदा इंग्रजीत नाव लागलं आणि तेच जाणार. रहमतभाई हळूच म्हणाले, निदान पहिलं अक्षर ठेवा. साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

उन्हं कलल्यावर सगळ्यांच्या देखत चादर निघाली. सरांनी ओलं फडकं घेतलं आणि एकेक नाव पुसलं. नाव पुसलं की तिथे काळी मोकळी जागा राहायची. ती बघवेना, म्हणून सरांनी हाताच्या जुन्या सवयीने तिथे एक आडवी रेघ ओढली. सगळ्यात खाली त्यांनी एक नवं वाक्य लिहिलं: गावाच्या जुन्या पाणीतंट्याचा इतिहास अमुक यांनी इल्युमिनेट केला. अमुकच्या जागी तिथेही रेघच.

आणि मग रहमतभाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रेघेपाशी येऊन ते थांबले, आणि जमलेल्या लोकांनी एका सुरात ओरडून ती जागा भरली, "रहमतभाई!" बसंतीबाईंचं वाक्य आलं, सगळा गट ओरडला. डोमाजींचं नाव चक्कीपर्यंत ऐकू गेलं असेल. स्पेल आउटच्या रेघेवर जो आवाज झाला त्याने नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्या हसत होत्या, आणि सरांकडे पाहून हसत होत्या. शंकरसिंगांच्या रेघेपाशी लोकांनी आचारसंहिता पाळून मौन ठेवलं. शेवटच्या ओळीला उकंडाजींना पुढे ढकललं गेलं. त्यांनी काठी एका हातात धरली, वाक्य एकेक शब्द करून वाचलं, आणि रेघ आली तेव्हा स्वतःचं नाव घ्यायला त्यांची जीभ उचलेना. गावाने ते घेतलं.

सर फळ्याच्या बाजूला खडू धरून उभे होते. त्यांच्या नोकरीत रिकाम्या जागांचा प्रश्न अख्ख्या वर्गाने कधीही पुरा सोडवला नव्हता. त्यांची छाती भरून आली. अभिमानाने आली, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

परतणारी जीप आवाज ऐकून थांबली. साहेब उतरले, फळा वरपासून खालपर्यंत तपासला. नाव कुठेच नव्हतं. पुन्हा एकदा गर्दी ओरडली. साहेबांनी वहीत पेन टेकवलं आणि तिथेच अडले.

"सर, नावं नाहीत, तरी नावं ऐकू येतात," ते म्हणाले. "आता अहवालात काय लिहू मी?"

नगराळे सरांनी बोटांवरचा खडू झटकला.

"लिहा साहेब," ते म्हणाले, "अख्खा वर्ग पास."